पुढचं जहाज थांबलं तर

मी मर्चंट नेव्हीत आहे म्हटलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, जहाजावर बायका असतात का? (असतात. मी आहे की!) दुसरा प्रश्न मी बाल्टिक समुद्रात हिवाळे काढलेत हे कळल्यावर येतो. समुद्र खरंच गोठतो का हो? मग जहाजं चालतात कशी? पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. दुसऱ्याचं द्यायला मला नेहमी वेळ कमी पडतो, म्हणून आज तुमच्यापाशी जरा निवांत बसून सांगते. त्यातही बर्फाबद्दल कमी बोलणार आहे. बर्फात दोन जहाजं एकमेकांशी ज्या खुणांनी बोलतात, त्याबद्दल जास्त.

युरोपचा नकाशा उघडलात तर फिनलंड आणि स्वीडनच्या मध्ये उत्तरेकडे घुसलेली समुद्राची एक लांब जीभ दिसेल. ते बोथ्नियाचं आखात. त्याचा अगदी वरचा भाग दर हिवाळ्यात गोठतो. नेहमीचं खारं पाणी शून्याखाली १.८ अंशांच्या आसपास गोठतं, पण इथे येऊन मिळणाऱ्या नद्या इतक्या आहेत की समुद्र जेमतेम खारट आहे. अरबी समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या वर मीठ निघेल, इथे दोन ते चार ग्रॅम. त्यामुळे पाणी शून्याच्या जवळपासच धरतं.

आणि या किनाऱ्यावर केमी, औलू, राहे, पलीकडे स्वीडनचं लुलेओ अशी बंदरं आहेत. कागद, लाकूड, पोलाद, लोखंडाचं खनिज, सगळं इथून ये-जा करतं. चार-पाच महिने बंदर बंद ठेवणं कुणाला परवडणार? म्हणून आइसब्रेकर. 'ओत्सो' नावाचं फिनलंडचं एक आइसब्रेकर आहे, १९८६ सालचं, जवळजवळ ९९ मीटर लांब. ही जहाजं बर्फ कापत नाहीत, हे ऐकून लहान मुलं नेहमी हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर करवत असते. प्रत्यक्षात आइसब्रेकरची नाळ खाली तिरकी, गोलसर असते. ते जोर लावून बर्फावर चढतं आणि स्वतःच्या वजनाने बर्फ मोडतं. मागे राहते एक वाट, बर्फाच्या तुकड्यांनी भरलेली. त्या वाटेने आपण त्याच्या मागोमाग जायचं.

या मदतीचं वेगळं बिल तिथे लावत नाहीत, पण ती सरसकट मिळतही नाही. जहाज किती टनांचं आहे आणि बर्फासाठी त्याची बांधणी किती मजबूत आहे, हे पाहून ठरतं. हिवाळा कडक झाला की अट वाढवतात. मला हे रास्त वाटतं. दुबळ्या जहाजाला मागे घेऊन निघायचं आणि दर मैलाला त्यालाच सोडवायला परतायचं, यात बाकीचे सगळे खोळंबतात.

आता खरी अडचण ऐका. ही वाट टिकत नाही. वाऱ्याने बर्फावर दाब आला की दोन्ही काठ जवळ येतात आणि वाट मिटते. म्हणजे फार मागे राहिलात तर तुमच्यापुरती वाट उरतच नाही, तुम्ही अडकलात. मग अगदी चिकटून जावं? तेही नाही. कारण पुढचं आइसब्रेकर केव्हाही थांबू शकतं. वाऱ्याने बर्फाचे तुकडे एकावर एक चढून ढीग होतात, त्यांची पाळं पाण्याखाली खोलवर गेलेली असतात. अशा ढिगाला आइसब्रेकर धडकलं की मिनिटाभरात त्याचा वेग शून्यावर येतो. मागून तुम्ही हजारो टन माल घेऊन येताय, आणि बाजूला वळायला जागा नाही, कारण बाजूला बर्फाची भिंत आहे.

मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकच्या मागे धुक्यात गाडी चालवलेली माणसं ही भीती लगेच ओळखतात. फरक इतकाच, की जहाजाला ब्रेक नसतो.

म्हणजे जो सोडवायला आला आहे, त्याच्याच पाठीत शिरायचा धोका सगळ्यात मोठा. बर्फातल्या खुणांची सगळी भाषा या एका धोक्याभोवती रचलेली आहे.

जहाजांच्या खुणांचं एक जागतिक पुस्तक आहे, 'इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्स'. त्याची आजची मांडणी १९६५ मध्ये मंजूर झाली आणि १९६९ पासून लागू आहे. त्यात जवळजवळ प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक पूर्ण वाक्य दिलेलं आहे. झेंड्याने दाखवा, दिव्याने लुकलुकवा, भोंग्याने वाजवा, अर्थ तोच. पण याच पुस्तकात आइसब्रेकरसाठी एक वेगळा तक्ता आहे, आणि त्यात तीच अक्षरं वेगळं बोलतात.

उदाहरणार्थ 'पी'. बंदरात हा झेंडा चढला की अर्थ होतो, सगळ्यांनी जहाजावर परत या, आपण निघतोय. बर्फात पी म्हणजे 'वेग कमी करा'. एरवी 'ए' म्हणजे आमचा पाणबुड्या पाण्यात आहे, हळू आणि लांबून जा. बर्फात ए म्हणजे 'पुढे चला'. एरवी 'क्यू' म्हणजे आमच्या जहाजावर रोगराई नाही, बंदरात येऊ द्या. बर्फात क्यू म्हणजे 'दोन जहाजांमधलं अंतर कमी करा'. 'जे' तर एरवी आग लागल्याची खूण आहे, तीही धोकादायक माल जहाजावर असताना. बर्फात त्याचा अर्थ 'माझ्या मागे येऊ नका, वाटेने पुढे जा'. 'एल' मात्र दोन्हीकडे एकच सांगतं: 'ताबडतोब जहाज थांबवा'. हे अक्षर कुणी बदललं नाही, याचं मला बरं वाटतं.

मग कुठला अर्थ घ्यायचा हे कळतं कसं? त्यासाठी दोन किल्ल्या आहेत. आइसब्रेकरने 'डब्ल्यू एम' म्हटलं की मदत सुरू झाली, आता बर्फाच्या खुणा वापरा आणि भोंगा, दिवा, रेडिओ या सगळ्यांवर अखंड लक्ष ठेवा. 'डब्ल्यू ओ' म्हटलं की मदत संपली, आपापल्या मुक्कामी जा. या दोहोंच्या मधल्या काळात जुने अर्थ मिटलेले असतात.

ही अक्षरं मोर्स पद्धतीने वाजतात, छोटा आवाज आणि लांब आवाज. ती पाठ करताना माझ्या बरोबरीची मुलं घाईला आलेली आठवतात. मला मात्र ती सोपी गेली, आणि त्याचं श्रेय माझ्या आईला. आई इंदूरला शाळेत मराठी शिकवायची. घरात वृत्तांची लगावली चालायची, त्यामुळे लघु-गुरू माझ्या कानात आधीच बसलेलं होतं. छोटा आवाज म्हणजे ल, लांब आवाज म्हणजे गा. झालं! 'ए' म्हणजे लगा. 'जी' म्हणजे गागाल, आपला त गण. 'के' म्हणजे गालगा, र गण. आणि गंमत सांगू? जगभर संकटाची हाक म्हणून जे एसओएस आहे, त्यात एस म्हणजे ललल, म्हणजे न गण, आणि ओ म्हणजे गागागा, म्हणजे म गण. एसओएस आपल्या गणांत लिहिलं तर होतं न-म-न, नमन! हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "वेळ येऊ नये, पण आली तर हात जोडायला विसरू नकोस."

आता या लगावलीतच एक जागा अशी आहे की जिने मला पहिल्या हिवाळ्यात झोप लागू दिली नाही. 'ए', पुढे चला, म्हणजे लगा. आणि 'एन', इंजिन थांबवा, म्हणजे गाल. एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं! वाऱ्यात पहिला आवाज अर्धा विरला, बर्फ घासण्याच्या खडखडाटात कान गोंधळला, तर 'थांबा'चं 'चला' ऐकू येऊ शकतं.

याला उपाय काय? तर उत्तर. आइसब्रेकरने जे अक्षर दिलं, तेच अक्षर मागच्या जहाजाने परत वाजवायचं. तक्त्याला दोन रकाने असतात, एक आइसब्रेकरचा, एक मागच्याचा. अक्षर एकच, फक्त बोलणारा बदलतो. तिकडून 'एन' आलं तर 'तुमचं इंजिन थांबवा'. इकडून 'एन' गेलं तर 'मी इंजिन थांबवत आहे'. तिकडून 'बी', म्हणजे 'अंतर वाढवा'. इकडून 'बी', म्हणजे 'मी अंतर वाढवत आहे'. समजा मी 'थांबा'चं 'चला' ऐकलं, तर मी परत वाजवीन लगा. आइसब्रेकरवरच्या माणसाला तिथल्या तिथे कळेल की मागचं जहाज चुकीचं ऐकून पुढे येतंय. मी मुकाट मान डोलावली असती तर त्याला काहीच कळलं नसतं.

हा नियम जहाजाच्या ब्रिजवरही रोज पाळला जातो. सुकाणूवरच्या माणसाला "मिडशिप्स" म्हटलं की तो आधी "मिडशिप्स" असं म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि सुकाणू मध्यावर आलं की पुन्हा सांगतो. नवीन माणसाला हे पोपटपंची वाटतं. मलाही घरी आल्यावर पहिले आठ दिवस तीच सवय असते. आई म्हणते, दूध आण. मी म्हणते, दूध आणते. ती म्हणते, अगं ऐकू आलंय मला!

तक्त्यातली एक खूण मला सगळ्यात जवळची वाटते. ती आहे ४ हा आकडा, ललललगा. अर्थ: 'थांबा, मी बर्फात अडकून आहे.' बाकीच्या बहुतेक खुणांमध्ये एक हुकूम देतो, दुसरा पाळतो. इथे मात्र दोन्ही रकान्यांत एकच वाक्य लिहिलेलं आहे. दहा-पंधरा हजार किलोवॅटच्या आइसब्रेकरने म्हणायचं तेही हेच, आणि मागच्या लहानशा जहाजाने म्हणायचं तेही हेच.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की या जमान्यात भोंगे कशाला? रेडिओ नाही का? आहे. खरं सांगायचं तर आज नव्वद टक्के बोलणं व्हीएचएफ रेडिओवरच होतं. (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठल्या अहवालातला नाही.) आइसब्रेकर तुम्हाला रेडिओवर मार्गाचे बिंदू देतं, वेग सांगतं, किती अंतर ठेवायचं ते सांगतं. पण रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती किंकाळी ऐकू येते. शिवाय तिकडे फिनिश माणसाचं इंग्रजी, इकडे आपलं, मधल्या जहाजावर फिलिपिनो किंवा युक्रेनियन. निवांत वेळी सगळं कळतं. घाबरलेल्या माणसाचं इंग्रजी मात्र त्याच्या मातृभाषेच्या वळणावर जातं, माझंही जातं. भोंग्याला उच्चार नसतो. आणि तो कुणी वाजवला हे दिशेवरून कळतं, नाव विचारावं लागत नाही.

हे केवळ माझं मत नाही. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांसाठी 'पोलर कोड' लागू झाला, उपग्रहाच्या आणि डिजिटल नकाशांच्या जमान्यात. त्यातही लिहिलेलं आहे की इतर जहाजांना वाट काढून देणाऱ्या आइसब्रेकरवर मागच्या दिशेला तोंड केलेला भोंगा हवा, याच जुन्या खुणांसाठी. आणि आइसब्रेकरसोबत चालणाऱ्या जहाजांवर मागून दिसणारा, हाताने चालू करायचा लुकलुकता लाल दिवा हवा. किमान दोन सागरी मैलांवरून दिसेल असा. कशासाठी? 'मी थांबलो आहे' एवढंच सांगण्यासाठी. बाल्टिक पोलर कोडच्या हद्दीत येत नाही, पण तिथल्या आइसब्रेकरांची स्वतःची पद्धत त्याहून जुनी आहे. एकावर एक असे दोन लाल फिरते दिवे, मागून दिसणारे. ते पेटले की मागच्याने काहीही न विचारता, हाती आहे ते सगळं वापरून जहाज थांबवायचं.

ते दिवे मी जवळून पाहिले आहेत. जानेवारीतली रात्र, कोळसा भरून राहेला निघालो होतो. मी सेकंड ऑफिसर, बारा ते चारचा वॉच माझा, पण बर्फात कॅप्टनसाहेब स्वतः ब्रिजवर असतात, तसे होते. मोठे शांत गृहस्थ, केरळचे. सुकाणूवर गुहागरकडचा एक जुना खलाशी होता. त्याला सगळे मामा म्हणत, वॉचवर मात्र तो मला मॅडम आणि मी त्याला 'हेल्म' म्हणायचे. बाहेर उणे २२. पुढे आइसब्रेकर, मध्ये आम्ही, आमच्या मागे एक लहान मालवाहू जहाज. अंतर तीन केबल, म्हणजे साडेपाचशे मीटर, आणि वेग नऊ नॉट. हिशोब करून पाहा. पुढचं जहाज जागच्या जागी थांबलं आणि मागच्याने काहीच केलं नाही, तर दोन मिनिटांत टक्कर.

दोनच्या सुमाराला रेडिओवर आइसब्रेकर कुठल्याशा दुसऱ्या जहाजाशी बोलत होतं, लांब कुठेतरी अडकलेल्या. ते जहाज आपली जागा सांगत होतं, चुकत होतं, पुन्हा सांगत होतं. ते बोलणं चालू असतानाच समोर दोन लाल दिवे फिरायला लागले. लगेच मागून भोंगा, लगालल. एल.

कॅप्टनसाहेबांनी इंजिन पूर्ण उलट मागितलं. मी भोंग्याच्या बटणावर होते, लगालल परत दिलं, 'मी जहाज थांबवत आहे'. उलटं फिरायला इंजिनाला सेकंद लागतात, आणि ते सेकंद फार लांब असतात. तोवर मामाला हुकूम गेला, सुकाणू डावीकडे. नाळ वाटेच्या काठावर घासली की काठाचाच ब्रेक लागतो. मामाने हुकूम परत म्हटला, नेहमीच्याच आवाजात, जसं चहाला काय घेणार विचारल्यावर सांगावं. सगळं जहाज थरथरत होतं. समोरचं आइसब्रेकर मोठं होत चाललं होतं, त्याच्या मागच्या डेकवरचे दोर दिसायला लागले.

पण त्या वेळी माझं काम पुढे पाहणं नव्हतं. आपला वेग कमी झाला की मागच्याला सावध करायचं, हा ताफ्याचा नियम आहे. खूण ५, ललललल. पाच छोटे. मी वाजवले आणि ब्रिजच्या मागच्या खिडकीशी गेले. मागच्या जहाजाचे दिवे जसेच्या तसे, सरळ आमच्याकडे. रेडिओवर अजून ते दुसरं बोलणं चालूच. मी पुन्हा पाच वाजवले. किती वेळ गेला कोण जाणे, लॉगबुकप्रमाणे अर्ध्या मिनिटाच्या आत, मागून बारीक आवाज आला. एक, दोन, तीन, चार, पाच.

तुम्हाला खरंच सांगते, आयुष्यात मला बरीच उत्तरं मिळाली आहेत, परीक्षांची, मुलाखतींची, लग्नाची. या पाच पिपाण्यांइतकं दुसरं कुठलंच इतकं हवंसं नव्हतं.

आमचा वेग मरत आला तसं कॅप्टनसाहेब म्हणाले, "मिडशिप्स." मामा म्हणाला, "मिडशिप्स." जहाज मागे सरकायच्या आत सुकाणू मध्यावर यावंच लागतं. वाकडं राहिलं आणि मागचा बर्फ त्यावर आदळला, तर सुकाणू तुटतं. आम्ही थांबलो तेव्हा पुढे आमच्या जहाजाच्या लांबीइतकंही अंतर उरलं नव्हतं.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण घाईचं नव्हतं. बर्फाचा ढीग फोडायला आइसब्रेकरला मागे येऊन पुन्हा धाव घ्यावी लागते, म्हणजे आमच्याच दिशेने. त्याने 'एच' दिलं, लललल, 'इंजिन उलट'. आम्ही एच परत दिलं आणि हळूहळू मागे सरलो, मागच्यावर एक डोळा ठेवून. इथे एक बारीक गोष्ट लक्षात आली ती सांगते. चार छोटे म्हणजे मागे घ्या, पाच छोटे म्हणजे लक्ष द्या, चार छोटे आणि एक लांब म्हणजे मी अडकलोय, थांबा. तिन्हींची सुरुवात सारखी. मोजताना एखादा आवाज हुकला तरी माणूस थांबण्याच्याच बाजूला चुकतो. ज्यांनी हा तक्ता केला त्यांनी हे ठरवून केलं असेल का, मला ठाऊक नाही, पण त्या रात्री मला ते आवडलं.

तिसऱ्या धडकेला ढीग फुटला. 'जी' आलं, गागाल, 'मी पुढे जातोय, माझ्या मागे या'. आम्ही गागाल परत दिलं आणि निघालो. मागून मात्र गागाल आलं नाही. आलं ललललगा. थांबण्याच्या गडबडीत त्या लहान जहाजाभोवती वाट मिटली होती.

ढिगाच्या पलीकडे आदल्या संध्याकाळी कुणासाठी तरी फोडलेली वाट होती, अजून उघडी. आइसब्रेकरने आम्हाला तिथवर नेलं, मग वळलं आणि आमच्या शेजारून परत निघालं, इतकं जवळून की त्याच्या ब्रिजवरच्या माणसाच्या हातातला मग दिसला. आणि भोंगा वाजला, लगागागा. जे. 'माझ्या मागे येऊ नका, वाटेने पुढे जा.' ही खूण पुस्तकात वाचताना मला कोरडी वाटली होती. तुमचा वाटाड्या रात्री अडीच वाजता तुम्हाला पाठ फिरवून चाललाय, आणि सांगतोय की तुम्ही चला! पण तो कुणासाठी चाललाय हे आम्ही कानांनी ऐकलं होतं. कॅप्टनसाहेबांनी मला खूण केली, मी लगागागा परत दिलं. 'मी मागे येणार नाही, वाटेने पुढे जात आहे.'

मग मी रडारवर पाहत राहिले. मागे एक मोठा ठिपका, एक लहान. मोठा लहानाच्या बाजूने गेला, फिरून आला, त्याच्याभोवतीचा बर्फ मोकळा करत. अडकलेल्या जहाजाने अशा वेळी पंखा हळू फिरता ठेवायचा असतो, नाहीतर तोही बर्फात धरला जातो. ठेवला असणार. बराच वेळ काही हललं नाही. मामाची सुकाणूवरची पाळी संपली, त्याने दुसऱ्याच्या हाती चाक देताना दिशा सांगितली, दुसऱ्याने ती परत म्हटली, मग तो माझ्याजवळ येऊन रडारमध्ये डोकावला. "निघालं का हो ते पोरगं?" त्याने विचारलं. जहाजाला पोरगं म्हणायची त्याची पद्धत होती.

फिनलंड-स्वीडनच्या बऱ्याच आइसब्रेकरांच्या मागच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. अगदीच जड बर्फ असेल तर मागच्या जहाजाची नाळ ओढून त्या खाचेत बसवतात, दोरांनी घट्ट बांधतात आणि दोघं मिळून एकच जहाज असल्यासारखी चालतात. त्याची खूण 'वाय', 'दोर घ्यायला तयार राहा', आणि मागच्याचं उत्तर 'मी तयार आहे'. लगावलीत गालगागा. गझल लिहिणाऱ्यांना हा तुकडा चांगला ओळखीचा असेल. आम्ही तेव्हा इतके पुढे गेलो होतो की भोंगा ऐकू येणं शक्य नव्हतं. पण माझा वॉच संपायच्या थोडं आधी, चारला पाच-सात मिनिटं असताना, रडारवरचे दोन ठिपके जवळ आले, एकमेकांना चिकटले, आणि एकच होऊन आमच्या दिशेने सरकायला लागले.

मी चीफ ऑफिसरला वॉच दिला, मागे एक ताफा येतोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मागे एक ताफा येतोय." मग मी खाली झोपायला गेले.